ग्रीक व्याकरण आणि नवा करार : कोल्हापुरातल्या आमच्या अभ्यासगटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या गटात नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मूळ ग्रीकमधून हळूहळू वाचला जातो. गटात पाळक आहेत, शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या बाई आहेत, उद्यमनगरात लेथ चालवणारे आहेत. चर्चशी काही संबंध नसलेले, पण भाषेची ओढ असलेलेही दोघे-तिघे येतात. चर्चमधली भक्ती सुटल्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. क्रम काही खास नाही. हवा तो प्रश्न आधी वाचा.

येशू अरामी बोलायचा, मग नवा करार ग्रीकमध्ये कसा?

इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखात ग्रीक ही बाजाराची, कचेरीची आणि पत्रव्यवहाराची भाषा झाली. तिला 'कोइने' म्हणतात, म्हणजे सामाईक भाषा. पुढे राज्य रोमचं आलं तरी ती टिकली. प्रेषित पौलाला करिंथ, इफिस आणि रोम इथल्या मंडळ्यांना लिहायचं होतं, त्यामुळे दुसरी भाषा निवडायचा प्रश्नच नव्हता. नव्या कराराची २७ पुस्तकं आपल्या हाती आली ती ग्रीकमध्येच. अरामीचे काही तुकडे तेवढे जसेच्या तसे राहिले आहेत, उदाहरणार्थ 'तलीथा कूम' (मार्क ५:४१) आणि 'एफ्फाथा' (मार्क ७:३४).

याचा अर्थ असा, की येशूच्या तोंडची बहुतेक वाक्यं आपल्याला मिळतात तेव्हाच एकदा भाषांतरित झालेली असतात. 'येशूने इथे मुद्दाम अमुक काळ वापरला' असं कुणी सांगू लागलं, की मी मनात 'मत्तयाने वापरला' अशी दुरुस्ती करून घेतो.

ग्रीक येत नसेल तर इंग्रजी बायबल मराठीपेक्षा मूळाच्या जवळचं असतं ना?

हा समज कोल्हापुरात, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुणांत तर फारच, घट्ट बसला आहे. इंग्रजीत भाषांतरं भरपूर आहेत, टीकाग्रंथ भरपूर आहेत, हे खरं. पण व्याकरणाच्या ठेवणीत मराठी ग्रीकला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहे. दोन्हींत तीन लिंगं आहेत आणि नामांना विभक्ती लागतात. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून 'मी' न म्हणता नुसतं 'सांगतो' म्हटलं तरी चालतं. दोन्हींत एकवचनी आणि अनेकवचनी 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत.

शेवटचा मुद्दा किती मोलाचा आहे ते लूक २२:३१-३२ मध्ये पाहा. येशू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, म्हणतो, की सैतानाने 'तुम्हांला' गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण मी 'तुझ्यासाठी' विनंती केली आहे. धोका सगळ्या शिष्यांना आहे आणि प्रार्थना एकट्या पेत्रासाठी आहे. लगेच पुढे येतं ते असं, की तू वळलास की तुझ्या भावांना स्थिर कर. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की सगळं पेत्रापुरतंच चाललं आहे. मराठी वाचकाला हे फुकट कळतं. फक्त आपला आदरार्थी 'तुम्ही' तिथे आडवा येता कामा नये.

मराठीतून हे काम नवं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार १८११ साली छापला. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हा छापील मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, होतंच. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली निघालं. संस्कृत व्याकरण ज्यांच्या अंगात भिनलं होतं त्या बाईंना ग्रीक विभक्तींची भीती वाटली असेल असं मला वाटत नाही.

'तुझे राज्य येवो' यात काय व्याकरण आहे?

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ. तिच्यात आहे तृतीयपुरुषी आज्ञार्थ. 'येवो', 'होवो', 'मानले जावो' ही रूपं ग्रीकमध्ये हुबेहूब आहेत : 'एल्थेतो', 'गेनेथेतो', 'हागियास्थेतो'. इंग्रजीत हे रूपच नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकाला ती नुसती इच्छा वाटू शकते. मराठीत 'येवो' म्हणताना मागणीचा जोर आपोआप येतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या या तीन ओळींत भाषांतरकाराला काही झगडावं लागत नाही.

मग मराठीला काहीच अडचण येत नाही का?

येते, आणि नेमकी तिथे येते जिथे मराठी ग्रीकपेक्षा जास्त बारीक आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. ऐकणारा बाहेर असेल तर आम्ही, आत असेल तर आपण. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच रूप. त्यामुळे ग्रीकने न सांगितलेली गोष्ट मराठी भाषांतरकाराला सांगावीच लागते.

प्रार्थनेत सोपं आहे. 'आमच्या स्वर्गातील पित्या' असंच म्हणायचं, कारण देवाला 'आपल्या पित्या' म्हटलं तर देवाचाही कुणी पिता ठरेल. वादळाच्या प्रसंगी (मार्क ४:३८) मात्र थांबावं लागतं. नावेत झोपलेल्या येशूला शिष्य उठवतात आणि बुडत असल्याचं सांगतात. 'आपण बुडतोय' म्हणावं तर त्यांनी येशूलाही बुडणाऱ्यांत धरलं. 'आम्ही बुडतोय' म्हणावं तर ती तक्रार झाली, की तुझं काय, मरतोय ते आम्ही. ग्रीक क्रियापदाचा शेवट याबद्दल गप्प आहे. मला 'आपण' बरोबर वाटतं, नाव एकच आहे म्हणून. पण 'आम्ही' घेणाऱ्याला व्याकरणाने खोडून काढता येणार नाही.

२ करिंथ ५:२० चं उदाहरण अधिक महत्त्वाचं आहे. 'ख्रिस्ताचे वकील' कोण, आम्ही की आपण? उपदेशात बहुधा ऐकू येतं की आपण सगळे विश्वासणारे वकील आहोत. पण त्याच वाक्यात पौल पुढे वाचकांनाच विनवतो, की देवाशी समेट करा. विनवणारे एका बाजूला आणि ज्यांना विनवलं ते दुसऱ्या बाजूला, म्हणजे तिथे 'आम्ही'च हवं. सगळ्या विश्वासणाऱ्यांनी साक्ष द्यावी हे चांगलंच आहे, त्यासाठी दुसरी वचनं आहेत.

योहान १:१ मध्ये 'शब्द देव होता' की 'शब्द एक देव होता'? दारावर येणारे लोक वेगळं सांगतात.

सर्वांत जास्त वेळा आलेला हा प्रश्न आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. योहान इथे येशूलाच 'शब्द' ('लोगोस') म्हणतो.

ग्रीकमध्ये इंग्रजीतल्या 'द' सारखं निश्चित उपपद आहे ('हो', 'हे', 'तो' अशी त्याची लिंगाप्रमाणे रूपं), अनिश्चित उपपद नाही. वचनाचा शेवटचा भाग आहे 'काइ थेऑस एन हो लोगोस'. शब्दशः क्रम असा : आणि देव होता (उपपदासह) शब्द. 'लोगोस'ला उपपद आहे, 'थेऑस'ला नाही. ग्रीकमध्ये शब्दांच्या क्रमावरून कर्ता ठरत नाही आणि इथे तर दोन्ही नामं प्रथमेतच आहेत. अशा वेळी उपपद ज्याला तो कर्ता. म्हणून वाक्य 'शब्द' याविषयी आहे आणि 'देव' हे त्याचं विधेय आहे, इथपर्यंत वाद नाही.

वाद पुढे आहे. 'थेऑस'ला उपपद नाही म्हणून तिथे 'एक' घालावा, असं दारावर येणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचं भाषांतर मानतं. उपपद नाही म्हणून आपोआप 'एक' घालायचा असेल, तर याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या वचनांतही 'थेऑस' उपपदाशिवाय आला आहे. तिथे 'एका देवाने पाठवलेला माणूस' किंवा 'एका देवाची मुलं' असं कुणीच करत नाही.

आता आपल्या बाजूच्या लोकांसाठी. १९३३ साली कोलवेल या अभ्यासकाने एक निरीक्षण मांडलं, की क्रियापदाच्या आधी आलेलं निश्चित विधेय-नाम बहुधा उपपद टाकून देतं. पुष्कळ उपदेशक याचा उलटा नियम करतात : क्रियापदाच्या आधी आलं आणि उपपद नाही, म्हणजे ते निश्चितच. कोलवेलचं म्हणणं तसं नव्हतं आणि तर्काने ते निघतही नाही. 'थेऑस'लाही उपपद असतं तर 'शब्द' आणि 'पिता' पूर्ण एकच ठरले असते, आणि त्याच्याच आधीच्या तुकड्यात 'शब्द देवासह होता' म्हटलं आहे त्याच्याशी टक्कर झाली असती. म्हणून बहुतेक अभ्यासक या उपपद नसलेल्या 'थेऑस'ला गुणवाचक मानतात. शब्द कोण यापेक्षा शब्द काय आहे हे योहान सांगतो आहे. जे देवाचं देवपण, ते या शब्दाचंही.

मराठीला उपपदच नाही, त्यामुळे 'शब्द देव होता' हे वाक्य या बाबतीत ग्रीकपेक्षा उघडं आहे. शिवाय आपल्या गावात 'देव' म्हटलं की अंबाबाई, ज्योतिबा, खंडोबा अशी रांग डोळ्यांपुढे येते. मराठी कानाला 'देव' हे सामान्यनाम आहे. त्यामुळे 'एक देव' हा अर्थ मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सहज सुचतो, आणि तो दूर ठेवायचं काम वाक्यापेक्षा संदर्भालाच करावं लागतं. दारावर आलेल्यांशी भांडू नका. सहावं वचन उघडून दाखवा आणि चहा विचारा.

'अओरिस्ट काळ म्हणजे एकदाच आणि कायमचं' हे खरं आहे का?

नाही. अओरिस्ट हे ग्रीक क्रियापदाचं एक रूप, बहुधा भूतकाळासाठी येणारं. संस्कृत शिकलेल्यांनी लुङ् आठवावा, पण फार ताणू नये.

ग्रीक क्रियापद मुख्यतः क्रिया कशी पाहिली जाते ते सांगतं. वर्तमानाच्या धातुरूपात क्रिया आतून, चालू असताना दिसते. अओरिस्टमध्ये बाहेरून, एकगठ्ठा दिसते. पूर्णकाळात क्रिया झाली आणि तिचा परिणाम उरला आहे असं दिसतं. प्रत्यक्ष वेळ किती लागला हे त्यात नसतं. मराठीतही काळ आणि वेळ यांचं असंच जमत नाही. रंकाळ्यावर वाट पाहणाऱ्या मित्राला आपण फोनवर 'आलोच!' म्हणतो तेव्हा पायात चप्पलही नसते. भूतकाळाचं रूप आणि क्रिया अजून व्हायची आहे.

अओरिस्टचं खणखणीत उदाहरण योहान २:२० मध्ये आहे. मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली असं यहूदी म्हणतात आणि क्रियापद अओरिस्टमध्ये आहे. ४६ वर्षांच्या बांधकामाला 'एका क्षणात' म्हणायचं का? अभ्यासकांनी या गैरसमजावर १९७०च्या दशकापासून लिहिलं आहे, तरी व्यासपीठावरून तो जात नाही.

याउलट १ योहान ३:९ मध्ये काळाच्या रूपाकडे पाहायलाच हवं. देवापासून जन्मलेला पाप करत नाही, असं तिथे आहे. हे वाचून प्रामाणिक माणूस घाबरतो. तिथली रूपं वर्तमानाची आहेत, म्हणजे पाप करत राहणं. २:१ मध्ये 'कुणी पाप केलं तर' इथे मात्र अओरिस्ट आहे, एखादं पाप घडणं. या फरकामुळे वचनाची धार जरा समजण्याजोगी होते. पण हाही नियम लोखंडी नाही. ५:१६ मध्ये भाऊ पाप करताना दिसला तर, असं म्हणताना वर्तमानाचंच कृदंत आहे. नुसत्या काळावर सगळा सिद्धांत टांगू नका. १:८ कडेही पाहा, तिथे आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो असं म्हटलं आहे.

'तेतेलेस्ताइ' म्हणजे 'कर्ज फिटलं' ना?

योहान १९:३० मधला, क्रुसावरच्या येशूच्या तोंडचा हा शब्द पूर्णकाळात आहे, आणि मराठीचं 'पूर्ण झाले आहे' त्याला अगदी चपखल बसतं. 'झाले' नव्हे, 'झाले आहे'. काम झालं आणि ते झालेलं राहिलं आहे. कर्ज फिटल्याच्या पावतीवर हा शब्द लिहीत असत ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण दोनच वचनं मागे, १९:२८ मध्ये, हेच रूप आलं आहे आणि तिथे सगळं पूर्ण झाल्याचं येशूने ओळखलं असा सरळ अर्थ आहे. लेखक स्वतः अर्थ सांगत असताना पावत्या शोधायची गरज नाही.

'ख्रिस्ताचा विश्वास' की 'ख्रिस्तावरचा विश्वास'?

माझ्या मते ग्रीक व्याकरणाने उभा केलेला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि कोल्हापुरात तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. वारंवार विचारला जावा अशी इच्छा आहे म्हणून इथे घातला.

रोम ३:२२ आणि गलती २:१६ मध्ये 'पिस्तिस' (विश्वास) या शब्दापुढे 'ख्रिस्त' हे नाम षष्ठीत आलं आहे. षष्ठी काय करते ते आपल्या गावातूनच घ्या. 'अंबाबाईची कृपा' म्हटलं तर कृपा करणारी अंबाबाई. 'अंबाबाईची भक्ती' म्हटलं तर भक्ती करणारे आपण आणि अंबाबाई जिची भक्ती होते ती. प्रत्यय तोच, 'ची'. एकीकडे षष्ठीतलं नाम कर्ता आहे, दुसरीकडे कर्म. आपल्याला हे कोडं वाटत नाही, कारण कृपा कोण करतं आणि भक्ती कोण करतं हे आधीच माहीत असतं.

पौलाच्या वाक्यात ते आधी माहीत नाही. 'ख्रिस्त' हे कर्म घेतलं तर अर्थ होतो 'ख्रिस्तावर आपण ठेवलेला विश्वास'. तो कर्ता घेतला तर 'ख्रिस्ताने दाखवलेला विश्वास', किंवा त्याचा विश्वासूपणा, कारण 'पिस्तिस'मध्ये दोन्ही छटा आहेत. पहिल्या वाचनात माणूस नीतिमान ठरतो तो त्याच्या विश्वासाने. दुसऱ्यात ख्रिस्त शेवटपर्यंत विश्वासू राहिला म्हणून, आणि आपला विश्वास त्याच्या मागून येतो. अभ्यासकांपैकी रिचर्ड हेज यांनी १९८३ साली दुसऱ्या वाचनाची बाजू जोरात मांडली, जेम्स डन यांनी पहिल्याची, आणि वाद अजून चालू आहे.

मराठी भाषांतरात 'वरील' हा शब्द येतो आणि दार बंद होतं. सतराव्या शतकातल्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने षष्ठी तशीच ठेवली होती. मी स्वतः गलती २:१६ मध्ये पहिल्या वाचनाकडे झुकतो, कारण त्याच वचनात 'आम्ही ख्रिस्त येशूवर विश्वास ठेवला' हे क्रियापदाने स्पष्ट सांगितलं आहे. पण दुसऱ्या बाजूचे लोक नेमकं हेच वाक्य पुढे करतात : क्रियापदाने सांगितलंच आहे, तर तेच षष्ठीने पुन्हा कशाला सांगायचं? रोम ३:२२ मध्येही 'विश्वास ठेवणाऱ्या सर्वांसाठी' हे शब्द मागोमाग येतात, तिथे त्यांचा मुद्दा जास्त जड आहे. आमच्या गटात यावर दोन तट आहेत आणि तसेच राहोत.

पवित्र आत्म्याला ग्रीकमध्ये नपुंसकलिंग आहे. म्हणजे तो व्यक्ती नाही?

'प्नेउमा' नपुंसकलिंगी आहे. हिब्रूत आत्म्यासाठीचा 'रुआख' बहुधा स्त्रीलिंगी असतो आणि मराठीत 'आत्मा' पुल्लिंगी. व्याकरणातलं लिंग आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याचं स्वरूप या दोन गोष्टी आहेत. कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागू नये. आमच्याकडच्या बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे चमकून बघतात.

उलट बाजूनेही तितकंच सावध राहावं. योहान १४ ते १६ मध्ये आत्म्यासाठी पुल्लिंगी 'एकेइनोस' ('तो') आला, म्हणून योहानाने मुद्दाम व्याकरण मोडून आत्म्याचं व्यक्तित्व दाखवलं, असं ठासून सांगितलं जातं. पण तिथे जवळच 'पाराक्लेतोस' (कैवारी) हा पुल्लिंगी शब्द आहे आणि 'तो' त्याच्याकडे जातो. व्याकरण कुठे मोडलेलं नाही. आत्मा शिकवतो, आठवण करून देतो, त्याला दुःख देता येतं, ही वचनं पुरेशी आहेत. सर्वनामावर एवढं ओझं कशाला?

लिंगाचा खरा उपयोग इफिस २:८ मध्ये होतो. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालं आहे 'आणि हे' तुमच्यापासून नाही. 'हे' म्हणजे नेमकं काय, विश्वास का? ग्रीकमध्ये 'कृपा' आणि 'विश्वास' दोन्ही स्त्रीलिंगी आहेत आणि 'हे' ('तूतो') नपुंसकलिंगी. त्यामुळे ते कुठल्याही एका नामाला चिकटत नाही. कृपेने तारण होणं ही सगळी गोष्टच त्यात येते. मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी आणि 'हे' नपुंसकलिंगी, म्हणजे तिथेही वाट तशीच बंद होते. फरक एवढाच, की मराठीत 'तारण' हे नपुंसकलिंगी नाम येतं आणि 'हे' त्याला जाऊन मिळतं. ग्रीकमध्ये तिथे नाम नसून क्रियापदाचं रूप आहे. अर्थ फारसा बिघडत नाही.

रोम १६:७ मधली यूनिया बाई की पुरुष?

बाई. पौल तिला 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' म्हणतो. मूळ हस्तलिखितांत आघातचिन्हं नव्हती आणि द्वितीयेतलं 'यूनियान' हे रूप आघात कुठे द्यावा त्यावर बाईचं किंवा पुरुषाचं ठरू शकतं. पण यूनिया हे रोमन स्त्रियांचं नेहमीचं नाव होतं, आणि यूनियास नावाचा पुरुष त्या काळच्या लेखांत सापडत नाही. चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोम या उपदेशकाने तिची बाई म्हणूनच स्तुती केली आहे. तरी नेस्ले यांच्या छापील ग्रीक आवृत्तीत १९२७ पासून १९९८ पर्यंत पुरुषी आघात छापला गेला. बाई प्रेषितांमध्ये कशी असेल, ही अडचण व्याकरणाची नव्हतीच.

उरलेला प्रश्न 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' याचा आहे. खासबागेतल्या 'मल्लांमध्ये नावाजलेला माणूस' स्वतः मल्ल असेल किंवा नुसता मल्लांच्या ओळखीचा असेल. ग्रीकमध्येही दोन्ही वाचनं मांडली जातात. मला पहिलं जास्त सरळ वाटतं, ख्रिसोस्तोमलाही तसंच वाटलं होतं, आणि ग्रीक ही त्याची स्वतःची भाषा होती.

लग्नात 'स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा' वाचतात. मूळात तसंच आहे?

इफिस ५:२२ च्या सर्वांत जुन्या प्रतींत, म्हणजे इ.स. २००च्या सुमाराच्या पी-४६ या पपायरसमध्ये आणि चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात, या वचनाला क्रियापदच नाही. तिथे फक्त 'स्त्रियांनी आपापल्या पतींच्या, जसं प्रभूच्या' एवढंच आहे. 'अधीन' हे मागच्या, एकविसाव्या वचनातून उचलावं लागतं, आणि तिथे आहे 'एकमेकांच्या अधीन होत'. तेही स्वतंत्र आज्ञा नसून कृदंत आहे. ती माळ अठराव्या वचनातल्या 'आत्म्याने भरले जा' या आज्ञेला लटकलेली आहे : बोलत, गात, उपकार मानत, एकमेकांच्या अधीन होत.

त्यामुळे लग्नात बावीसपासून वाचायला सुरुवात करणं म्हणजे वाक्य मधूनच उचलणं. पुष्कळ छापील बायबलांत नेमकं तिथेच नवं शीर्षक टाकलेलं असतं, तेही याला हातभार लावतं. नवऱ्यांना मात्र पंचविसाव्या वचनात पूर्ण आज्ञार्थ आहे, प्रीती करा.

व्याकरण याहून पुढे नेत नाही. चोविसाव्या वचनात स्त्रियांच्या अधीनतेचा पुन्हा उल्लेख आहे आणि कलस्सै ३:१८ मध्ये स्वतंत्र आज्ञार्थही आहे. 'मूळात अधीनता नाहीच' असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. मी पाळक असतो तर एकविसाव्या वचनापासून वाचायला लावलं असतं, एवढंच.

स्वल्पविराम आणि एखाद्या अक्षराने खरंच अर्थ बदलतो?

कधीकधी. लूक २३:४३ मध्ये येशू शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराला सुखलोकाचं आश्वासन देतो. तिथे 'मी तुला खचीत सांगतो, आज तू माझ्याबरोबर' आणि 'मी तुला आज सांगतो, तू माझ्याबरोबर' अशी दोन वाचनं निघतात. जुन्या हस्तलिखितांत स्वल्पविराम नाहीत, शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही. पण 'खचीत सांगतो' हा येशूच्या बोलण्यातला ठरलेला साचा आहे आणि इतरत्र त्यात 'आज' मिसळत नाही. मार्क १४:३० मध्ये 'आज' स्पष्टपणे पुढच्या वाक्यात आहे. म्हणून पहिलं वाचन.

अक्षराचं उदाहरण नाताळचं आहे. लूक २:१४ मध्ये देवदूतांच्या स्तुतीचा शेवटचा शब्द 'एउदोकिया' की 'एउदोकियास'? शेवटचा सिग्मा (ग्रीक 'स') नसेल तर प्रथमा : माणसांत सद्भाव. सिग्मा असेल तर षष्ठी : देव ज्यांच्यावर प्रसन्न आहे त्या माणसांत शांती. सिनाई हस्तलिखितात आधी सिग्मा होता, नंतर दुरुस्ती करणाऱ्याने तो काढला. आज बहुतेक संपादक सिग्मा ठेवतात.

'जाऊन शिष्य करा' यात आज्ञा जाण्याची की शिष्य करण्याची?

मत्तय २८:१९ मध्ये एकच आज्ञार्थ आहे, 'शिष्य करा'. 'जाऊन' हे कृदंत आहे आणि मराठीचं ऊन-प्रत्ययाचं रूप त्याला नेमकं जुळतं. 'लक्ष्मीपुरीत जाऊन भाजी आण' असं आई म्हणाली तर मुलगा जाणं टाळू शकत नाही, पण भाजी न आणता नुसता जाऊन आला तर बोलणी खातो. 'जाणं ही आज्ञाच नाही' असं हल्ली शिकवतात, ते मराठी माणसाला पटायचं कारण नाही.

ग्रीक प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं म्हणतात, ते कसं?

'मे' ने सुरू झालेला प्रश्न 'नाही' अशा उत्तराची अपेक्षा करतो, 'ऊ' ने सुरू झालेला 'हो' ची. १ करिंथ १२:२९ मराठीत असं ऐकावं : 'सगळे थोडेच प्रेषित आहेत?' तीसावं वचनही याच चालीत : 'सगळे थोडेच भाषा बोलतात?' योहान ४:२९ मध्ये शोमरोनी बाईही याच घाटणीने, अडखळत विचारते : 'हा ख्रिस्त तर नसेल ना?' तिची खात्री झालेली नसते, किंवा गावकऱ्यांपुढे ती तसं दाखवते.

प्रेमाचे चार ग्रीक शब्द, त्यात 'अगापे' देवाचं प्रेम ना?

चारांपैकी 'एरोस' नव्या करारात नाहीच आणि 'स्तोर्गे' फक्त जोडशब्दांत डोकावतो. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये 'अगापाओ'ने सांगितलं आहे आणि ५:२० मध्ये 'फिलेओ'ने. पौलाला सोडून गेलेल्या देमासने या जगावर जी प्रीती केली (२ तीमथ्य ४:१०) तीही 'अगापाओ'च. म्हणजे नुसत्या शब्दावरून ते देवाचं प्रेम ठरत नाही. पुढे जाऊ.

इतके फाटे असतील तर भरवसा कशावर ठेवायचा?

वर दिलेले फाटे निवडून काढलेले आहेत. ग्रीक पानामागून पान वाचत गेलं की बहुतांश वाक्यं एकाच अर्थाची असतात आणि मराठी शास्त्रात तो अर्थ आलेला असतो. आमचा अनुभव असा, की ग्रीक शिकल्यावर नवे गुप्त अर्थ फारसे सापडत नाहीत. 'मूळ भाषेत याचा अर्थ असा आहे' म्हणून ठोकून दिलेली विधानं मात्र पुष्कळ गळून पडतात.

कोल्हापुरात राहून ग्रीक शिकता येईल का?

येईल. अक्षरं २४ आहेत आणि ती आठवड्याभरात बसतात. शाळेत संस्कृत घेतलेलं असेल तर अर्धं काम झालंय असं समजा : विभक्ती ओळखीच्या वाटतात, आत्मनेपद माहीत असल्याने मध्यम प्रयोग अडत नाही, आणि कोइनेत द्विवचन उरलेलं नाही हा वर बोनस. ग्रीक पाठ घरबसल्या फुकट वाचता येतो. छापील हवा असेल तर नेस्ले-आलांडची अठ्ठाविसावी आवृत्ती (२०१२) घ्या. शब्दाखाली शब्द दिलेली पुस्तकं सुरुवातीला टाळा. त्यांत डोळा खालच्या इंग्रजीवरच राहतो आणि वरचा ग्रीक शब्द नुसता शोभेला उरतो.

सुरुवात योहानाच्या पहिल्या पत्राने करा. शब्द थोडे आहेत आणि तेच तेच येतात. मग योहानाचं शुभवर्तमान, मग मार्क. लूकची वाक्यं लांब असतात, त्याला नंतर हात लावा. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी इब्री लोकांस पत्र पहिल्या वर्षी उघडू नका.